एका घरातून एकच मत

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-खिडकीवर बसणारे नोंदराव संध्याकाळी साडेपाचला घरच्या कॉम्प्युटरसमोर बसले, ते स्वतःला मत द्यायचं असं ठरवूनच. तसं आठवडाभर ते ठरवतच होते, पण सभ्य माणसाला अशा कामासाठी शेवटचा दिवस उजाडावा लागतो. मतदान आठ वाजता बंद होणार होतं.

नोंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतो, पाइप फुटून तीन दिवस झाले, असं काहीही सांगत कुणी खिडकीशी आलं की ते मान वर न करता म्हणत, "नोंद केली." सव्वीस वर्षं त्यांनी नोंदच केली. पाइप दुरुस्त करणारे वेगळे होते. त्यांना लोक चहा पाजत. नोंदरावांच्या वाट्याला शिव्या येत आणि शिव्यांची नोंद करायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

अशात कार्यालयाने मागच्या वर्षापासून 'आपला आवडता कर्मचारी' ही टूम काढली. लोकांनी वेबसाइटवर जाऊन अकरा नावांपैकी एकावर क्लिक करायचं. निकाल मात्र अकराच्या अकरा नावांचा, मतांच्या आकड्यांसकट, हॉलमधल्या पडद्यावर. हा पडदा नेमका तक्रार-खिडकीच्या वर टांगलेला. मागच्या वर्षी आठवडाभर तिथे दर मिनिटाला नोंदरावांचं नाव झळकलं आणि नावापुढे शून्य. रांगेतली माणसं एकदा वर बघायची, एकदा खाली बघायची. एक बाई तर "असू दे हो," म्हणून तक्रार न देताच परत गेली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं नोंदरावांना वाटलं आणि ते वर्षभर वाटतच राहिलं.

शून्यात त्यांना सोबत होती ती एकाच माणसाची. आवक-जावक टेबलावर बसून पाकिटं चिकटवणाऱ्या त्या कारकुनाला सगळे नुसतं 'जावक' म्हणत. त्याचा चेहरा बारा महिने कुणाला तरी पोहोचवून आल्यासारखा असे.

घरी मात्र नोंदरावांनी सांगितलं होतं, "दुसरा आलो. थोडक्यात हुकलं." घरी त्यांचा रुबाबच वेगळा होता. माझ्यावाचून तिथे पान हलत नाही, हे वाक्य जेवताना एकदा तरी व्हायचंच. मग ते जावकची नक्कल करत. तो डिंकाची बाटली कशी उघडतो, झाकण कसं हरवतो, मग 'झाकण पाहिलंत का?' असं रडक्या आवाजात कसं विचारतो. बायको पदर तोंडाला लावून हसायची. दिवसभरात कुणीतरी आपल्या बोलण्यावर हसावं, एवढीच त्यातली नोंदरावांची कमाई.

यंदा त्यांना जिंकायचं नव्हतं. शून्य नको होतं, बस. एक मत मिळालेल्या माणसाची कुणी कीव करत नाही. त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

त्यांनी आपल्या नावावर क्लिक केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'या इंटरनेट पत्त्यावरून मत नोंदवले गेले आहे. एका घरातून एकच मत.'

नोंदराव हबकले. घरात ते आणि बायको, दोघंच. बायको आतल्या खोलीत फोनच्या पडद्यावर आपल्या ताईशी बोलत होती. तिला विचारावं तर कशाला मत देत होतात, हा प्रश्न आलाच. त्यांनी सरळ पत्ताच बदलायचं ठरवलं. कार्यालयातल्या कुणाच्या तरी तोंडून त्यांनी ऐकलं होतं की, तो हातानेही बदलता येतो. शोधाशोध करून त्यांनी सेटिंगची चौकट उघडली, तिथल्या आकड्यांतला शेवटचा आकडा एकाने वाढवला आणि 'ठीक'वर क्लिक केलं.

इंटरनेट गेलं. जगाच्या तक्रारी नोंदवणाऱ्या या माणसाने जुना आकडा मात्र कुठेच नोंदवला नव्हता.

आतून बायको ओरडली, "अहो, ताई तोंड उघडून तशीच थांबलीय!"

नोंदरावांनी आपला बटणांचा फोन घेतला आणि खिडकीत जाऊन नेटवाल्याला लावला.

"काका, तुम्ही बदललात तो घरातल्या घरातला नंबर," नेटवाला म्हणाला. "आणि नेमका काकूंच्या फोनचा नंबर लावलात. आता दोघं भांडताहेत."

"कोण दोघं?"

"तुमचा कॉम्प्युटर आणि काकूंचा फोन. तिथे 'आपोआप' लिहिलंय ना, त्यावर खूण करा. सुटतील."

भांडण मिटलं. ताईचं तोंडही मिटलं.

"पण मला बाहेरचा पत्ता बदलायचाय," नोंदराव आवाज खाली आणून म्हणाले. "जगाला दिसतो तो."

"कशाला? कुणी मागे लागलंय का?"

"छे! एक मत द्यायचंय."

"मग कुणा मित्राच्या घरून द्या की. दोन मिनिटांचं काम."

नोंदरावांनी खिडकीची कडी एकदा लावली, एकदा काढली. नेटवाला समजल्यासारखं खाकरला. "बरं, राहू दे. मोडेम बंद करा. दहा मिनिटांनी चालू करा. मिळाला तर नवीन पत्ता मिळेल."

मोडेम बंद झाला. आत ताई पुन्हा अडकली, या वेळी डोळे मिटलेल्या अवस्थेत. दहा मिनिटांनी जुनाच पत्ता परत आला. मग वीस मिनिटं. तरी तोच. ताईने कंटाळून साधा फोन लावला. आता आतल्या खोलीतलं बोलणं हळू झालं होतं. नोंदरावांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांचं खिडकीतलं कुजबुजणं मात्र बायकोला तुकड्यातुकड्यांनी ऐकू गेलं होतं. 'पत्ता बदलायचाय', 'जगाला दिसतो तो' आणि 'छे!'

"ताई, खरंच असं म्हणाले गं."

"माणूस उगीच पत्ता बदलत नाही," ताई म्हणाली. तिकडे तिने सुस्काराही सोडला. "तू घट्ट पाय रोवून उभी राहा."

इकडे नेटवाल्याने शेवटचा उपाय सांगितला. मोडेमच्या पोटावर त्याचा स्वतःचा एक नंबर छापलेला असतो. मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातलं शेवटचं अक्षर हाताने बदलायचं. कंपनीला वाटतं, घरात नवाच मोडेम आला. ती नवा पत्ता देते.

मोडेम होता कपाटामागे. नोंदराव टेबलाखालून सरपटत गेले आणि एका हातात टॉर्च, एका हातात भिंग घेऊन पालथे पडून ते बारीक अक्षर वाचू लागले. सात वाजून गेले होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर एका मतासाठी आपण जमिनीवर पोट घासतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. तरी त्यांनी आकडे लिहून घेतले. या वेळी जुनाही लिहून ठेवला.

बाहेर सरकतात तो पुढ्यात बायकोची पावलं.

"कोण आहे ती?" बायकोने विचारलं.

"कोण?"

"जिच्यासाठी पत्ता बदलताय. मी सगळं ऐकलंय. ताईनेही ऐकलंय. अजून फोनवर आहे ती."

"अगं, कुणी नाही!" नोंदराव टेबलाखालूनच म्हणाले. "मला कुणी नाही. म्हणून तर चाललंय हे सगळं."

हे जरा जास्तच खरं निघून गेलं. बायकोचे डोळे भरून आले. नोंदराव घाईघाईने बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "ऑफिसचं मतदान आहे गं. आवडता कर्मचारी. मला मत द्यायचंय आणि ते घेत नाही. कुणीतरी आधीच दिलंय."

"एवढंच?" बायकोने डोळे पुसले. "मीच दिलं ना सकाळी! फोनवरून."

नोंदरावांना एकदम हलकं वाटलं. एक मत पडलेलं होतं. मागावं न लागता, पोट न घासता पडलेलं होतं. सकाळपासून ते घरातच होतं आणि आपण मात्र कपाटामागे शोधत होतो. त्यांना बायकोचा हात धरावासा वाटला.

"मला दिलंस?"

"तुम्हाला कशाला?" बायको म्हणाली. "तुम्हाला काय, ढिगाने पडत असतील. मी त्या बिचाऱ्या जावकभाऊजींना दिलं. तुम्ही त्यांची नक्कल करता, हसायला येतं, पण नंतर मला रात्री वाईट वाटतं हो. कोण देणार त्यांना?"

खरं सांगून टाकायची वेळ होती तर ती हीच. नोंदरावांनी तोंड उघडलंही. पण वीस वर्षं जेवताना उभारलेला तो रुबाबदार माणूस बायकोच्या शेजारीच उभा होता आणि तिला तो आवडत होता. त्याला तिच्यासमोर शून्यावर आणून बसवायचं त्यांच्याने होईना.

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्यांनी मोडेमचा नंबर बदलला. दिवे लुकलुकले. वेबसाइटने नव्या पत्त्याचं स्वागत केलं आणि अकरा नावं समोर ठेवली. आठ वाजायला सहा मिनिटं होती. नोंदराव वाट बघत राहिले, बायको आत जाईल म्हणून. बायको खुर्ची ओढून शेजारी बसली.

"तुम्हाला कुणाला द्यायचं होतं?"

माउसचा बाण त्यांच्या नावाजवळ घुटमळला. मग दोन नावं खाली सरकला.

"त्यालाच," नोंदराव म्हणाले आणि क्लिक केलं.

"ताई!" बायको फोनमध्ये म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "अगं, त्या बिचाऱ्याला मत मिळावं म्हणून चाललं होतं सगळं! जमिनीवर झोपून! आणि आपण काय काय बोललो यांना!"

ताईने फोनवरूनच माफी मागितली. नोंदरावांनी ती उदार मनाने दिली. दुसरं देण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर निकाल लागला. पहिली आली मीटर तपासणारी बाई, तीनशे बारा मतांनी. दहावा जावक, मतं दोन. अकरावे नोंदराव. त्यांच्या नावापुढचं शून्य यंदा जरा मोठ्या अक्षरात होतं. पडदा नवा घेतला होता.

जावक मात्र ओळखू येत नव्हता. त्याने डिंकाची बाटली एका झटक्यात उघडली आणि झाकण खिशात ठेवलं. दुपारी तो तक्रार-खिडकीशी येऊन रेलला, वरच्या पडद्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"नोंदराव, रागावू नका, एक सांगतो," तो मायेने म्हणाला. "लोकांशी जरा गोड बोलत जा. मतं काही जबरदस्तीने मिळत नसतात."

"नोंद केली," नोंदराव म्हणाले.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. फोन कानाला होता, पलीकडे ताई.

"काय झालं? जावकभाऊजींना किती?"

"दोन."

"दोन! बघा, किती बरं वाटलं असेल त्यांना! आणि तुम्हाला किती?"

नोंदरावांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. वर बघितलं तर बायकोच्या चेहऱ्यावर नुसता अभिमान.

"मोजली नाहीत," ते म्हणाले.

"ऐकलंस का, ताई?" बायको फोनमध्ये म्हणाली. "स्वतःची मोजलीसुद्धा नाहीत!"