मनकर्णेचे कान आणि मंजूर उन्हाळा

एका जंगलात, बालमित्रांनो, भिंतच नव्हती, त्यामुळे कॅलेंडरही नव्हतं. तरी तिथल्या हत्तींच्या कळपाला उन्हाळा कधी लागला ते बरोब्बर कळायचं. कळपाची म्होरकी होती मनकर्णा. तिचे कान जोरजोरात हलू लागले की उन्हाळा लागला. सगळ्यांनी उठायचं आणि तिच्या मागोमाग नदीकडे चालू पडायचं. तिच्या आईच्या वेळीही असंच होतं, आजीच्या वेळीही.

मनकर्णा तोंडानं काय सांगते, हे मात्र कुणी ऐकत नसे. गरजच काय? कान होते ना!

पुढे मनकर्णेनं पन्नाशी गाठली. आणि एका पौष महिन्यात, सकाळच्या धुक्यात सगळे कुडकुडत असताना, तिच्या छातीतून एकदम आग निघाली. ती मानेवर चढली, कपाळावर आली, आणि मनकर्णा घामानं निथळू लागली. हत्तींना घाम येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. गोष्टीतल्या हत्तींना येतो. मध्ये बोलू नका.

तिचे कान सुपासारखे हलू लागले.

"उन्हाळा!" कळप ओरडला.

"अरे थांबा, मलाच काहीतरी होतंय," मनकर्णा म्हणाली.

पण कळप नदीवर पोचून पाण्यात उतरलासुद्धा. पौषातलं पाणी ते! पुढचे आठ दिवस चाळीस हत्ती शिंकत होते. माकडं फांदीला घट्ट मिठी मारून बसू लागली.

लगेच समिती नेमली गेली. जंगल कितीही मागासलेलं असलं तरी समिती नेमता येते. अध्यक्ष झाले मनकर्णेचे धाकटे दीर, धोंडेराव. सभासद सगळे सुळेवाले. हत्तीण एकही नाही.

"बायकांचा या विषयाशी थेट संबंध येतो," धोंडेरावांनी खुलासा केला. "त्या निःपक्षपाती कशा राहणार?"

विषयाचं नाव मात्र कुणाच्या तोंडून निघेना. 'पाळी' हा शब्द आला की सगळे सुळेवाले आभाळाकडे बघायचे.

तज्ज्ञ म्हणून कासवशास्त्रींना बोलावणं गेलं. शास्त्रीबुवांचं वय तीनशे. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "हे वयाचं असतं. सहन करायचं."

"किती दिवस?" मनकर्णेनं विचारलं.

"फार नाही. सात-आठ वर्षं."

समितीनं निकाल दिला. शिमग्यापर्यंत वहिनींचे कान ताळ्यावर आले नाहीत, तर कळपाच्या पुढे धोंडेराव चालतील. धोंडेराव मागच्या वर्षी एकटेच पाण्याच्या शोधात निघाले होते आणि तीन दिवस चालून निघाले होते तिथेच पोचले होते. पण त्यांचे कान स्थिर होते, हे कुणालाही नाकारता आलं नाही.

मनकर्णा ऐनाच्या झाडाआड जाऊन रडली. तिला खरं तर राग आला होता, पण हल्ली रागाच्या आधी रडूच यायचं. झोप नाही, गुडघ्यांत ठणका, कालचं आज आठवत नाही. आणि आता आईनं हाती दिलेली वाटही जाणार. तिला फार एकटं वाटलं.

धाकटी जाऊ हौसा शोधत आली. "जाऊबाई, टेकडीपल्याड एक डॉक्टरीणबाई आल्यात. मुंगसे आडनावाच्या. माझी मावशी म्हणते, त्या आधी विचारतात नि मग बोलतात."

"असं कुठं असतं का?" मनकर्णा म्हणाली. पण गेली.

डॉक्टर मुंगसे हत्तिणीच्या नखाएवढ्या होत्या. त्यांनी खरोखरच विचारलं. पाळी कधी थांबली? झोप कशी आहे? रक्तात गुठळी झाली होती का? स्तनाचा कर्करोग? यकृताचं काही? मनकर्णेला सांगता सांगता पुन्हा रडू आलं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"तुमच्या अंगातला एक हार्मोन कमी झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्वी त्यासाठी सगळ्यांना सरसकट गोळी देत. आता कातडीवर लावायची पट्टी निघालीय, जेल निघालंय. त्यानं गुठळीचं भय गोळीपेक्षा कमी. गर्भाशय आहे ना? मग त्याच्या अस्तरासाठी दुसरं औषधही सोबत लागेल."

"आणि ज्यांना हार्मोन चालत नाही त्यांनी?" हौसानं विचारलं. तिला पुढची काळजी होती.

"त्यांच्यासाठी बिनहार्मोनच्या गोळ्या आहेत. पट्टी काही सगळ्यांसाठी नसते. म्हणून तर एवढं विचारते. आणि मधूनमधून मला दाखवायला यायचं."

केळीच्या पानाएवढी पट्टी पोटाखालच्या मऊ कातडीवर बसली. आठवड्यातून दोनदा बदलायची. ते काम हौसानं घेतलं.

समितीत गदारोळ झाला. "वहिनी, हे भलतं घेऊ नका," धोंडेराव कळवळले. "माझ्या ओळखीच्या एका गव्याच्या मावशीनं असलंच औषध घेतलं होतं. गेली बिचारी."

"कशानं गेली?"

"वाघानं खाल्लं."

पण महिन्याभरात मनकर्णेला गाढ झोप लागू लागली. ती आग क्वचितच यायची. शिमग्याच्या आत कान ताळ्यावर आले आणि म्होरकेपण राहिलं. धोंडेरावांनी खुल्या दिलानं अभिनंदन केलं आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग चैत्र आला. पळस फुलून झडला होता. कळप एरवी पाणी प्यायचा त्या तळ्याच्या काठची माती तडकली. मनकर्णेनं चिखल हुंगला आणि तोंडानं, स्पष्ट शब्दांत सांगितलं, "उन्हाळा लागलाय. तळं महिनाही टिकणार नाही. चला."

सगळ्यांनी तिच्या कानांकडे पाहिलं. ते हलत होते, पण चारचौघींसारखे.

समितीनं मोजणी केली. "पौषात शंभर आकडे म्हणेपर्यंत कान साठ वेळा हलले होते," धोंडेराव म्हणाले, "आणि तो उन्हाळा नव्हता. आज तर वीसच! मग हा उन्हाळा असेलच कसा?"

"पण माती बघा की!"

"वहिनी, तुम्हाला असं वाटतंय ते औषधामुळे."

मनकर्णेनं मनात हिशेब मांडला. पौषात ती बोलली ते वयामुळे होतं. आता बोलतेय ते औषधामुळे. या दोहोंच्या मध्ये तिचं स्वतःचं बोलणं कधी असणार होतं, ते समितीच जाणे! तिनं वाद घातला नाही. वळली आणि चालू लागली. मागून हौसा निघाली, मग सगळ्या हत्तिणी, पिलं. कासवशास्त्रीही निघाले. ते अजून वाटेत आहेत.

वैशाखात तळ्याचं भांडं झालं, तेही रिकामं. सुळेवाल्यांच्या छातीतून आग निघू लागली. कान सुपासारखे हलू लागले. झोप गेली. एकमेकांवर खेकसणं सुरू झालं. एक तरणाबांड सुळेवाला तर विनाकारण रडला. धोंडेरावांनी कावळ्याबरोबर डॉक्टर मुंगसेंना निरोप धाडला, 'पट्ट्या पाठवा. अकरा. तातडीनं.'

उत्तर आलं, 'पट्टी उन्हाळ्यावर चालत नाही. मनकर्णाबाई काय सांगून गेल्या ते आठवा.'

मग अकरा सुळेवाले मनकर्णेच्या पावलांचे ठसे हुंगत, धापा टाकत नदीवर पोचले. ती मानेपर्यंत पाण्यात बसली होती. धोंडेरावांनी घसा साफ केला.

"वहिनी, समितीनं आज एकमतानं उन्हाळा मंजूर केलाय."

मनकर्णेनं त्यांच्या फडफडणाऱ्या कानांकडे पाहिलं. तिला हसू आलं आणि थोडी दयाही आली.

"बसा भावजी पाण्यात," ती म्हणाली. "वय झालं की असं होतं. सहन करायचं."

तात्पर्य : बाईला उकडलं तर ते तिचं वय असतं, पुरुषाला उकडलं तर ते हवामान असतं. म्हणून बालमित्रांनो, घरी आईनं थंडीत पंखा लावला, तर तिला काय होतंय ते विचारू नका. आधी बाबांना समिती नेमू द्या.