बिराजदार सरांचं बोलकं सॉफ्टवेअर

कॉम्प्युटर अडला की जगभर पडद्यावर ‘एरर’ एवढंच उमटतं आणि माणसं निमूट कुणाला तरी हाक मारतात. आमच्या लातूरच्या कंपनीतले बिराजदार सर मात्र कॉम्प्युटरला गप बसू देत नाहीत. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीची तारीख टाकून बघा. लगेच येतं, ‘अहो, उद्याची तारीख आज टाकायलात. चहा घ्या, मग बसा.’

कंपनी म्हणजे पाच माणसं आणि एक सॉफ्टवेअर. हो, एकच. तेच इकडून कापून, तिकडून जोडून आम्ही मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीला विकतो, क्लासवाल्यांना विकतो आणि दवाखान्यांनाही. प्रत्येकाला वाटतं, आपल्यासाठी खास शिवलंय. आम्ही तसं वाटू देतो. यात कुठं काय बिघडेल आणि बिघडलं तर काय करायचं, एवढंच सरांचं काम. ते त्यांना फारच मानवलंय.

इतकं, की ते घरीदारी तेच करतात. ‘आन् न्हाई झालं तर?’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही लोह्याला गेलो होतो. सरांनी मांडवात मुलीच्या बापाला गाठलं. लाइट गेली तर? जनरेटर आहे. पाणी संपलं तर? टँकर सांगून ठेवलाय. "आन् नवरदेवच न्हाई आला तर?" बापाचा चेहरा असा झाला की आम्ही सरांना ओढून पंगतीत बसवलं. मला हा माणूस असह्य व्हायचा, खोटं कशाला सांगू.

मग नांदेडच्या एका प्रसूतिगृहाचं प्रकरण झालं. जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस बाळाचं वजन जरा उतरतंच. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशीचं वजन टाकलं. ते आधीपेक्षा कमी, म्हणजे काहीतरी गडबड, एवढं सॉफ्टवेअरला कळलं. पण त्यावर बोलायचं वाक्य सरांनी आडतीसाठी लिहिलेलं, आणि ते काढायचं राहून तसंच दवाखान्यात गेलेलं. बाळाच्या आजीसमोर पडद्यावर उमटलं, ‘वजन घटलंय. माल ओला हाय. पोतं उघडून दाखवा.’

आजीनं दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टरबाईंनी आमच्या मालकांना फैलावर घेतलं. मालकांनी सरांना सांगितलं, "सगळी वाक्यं काढा. अडलं तर गपचूप पुढं जायचं. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"मग न्हाई येत," सर म्हणाले आणि पिशवी भरायला लागले.

वाक्यं काढायचं काम माझ्याकडं आलं. मला आनंदच झाला होता. दवाखान्याच्या भागात एक सापडलं, ‘पेशंट आला न्हाई, फोनबी लागत न्हाई. पुढचं नाव घेऊ नका. कुणाला तरी घरी पाठवा.’ कोण गेलं त्याचं नाव टाकल्याशिवाय यादी पुढं सरकणारच नाही, अशी सोयही केलेली. मी मोठ्यानं वाचून हसलो. "सर, हा दवाखाना आहे की पोलीस चौकी?"

ते पिशवी ठेवून जवळ आले. "हे तेवढं ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांची आक्का जळकोटला एकटी राहायची. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं. दर मंगळवारी ती साखर तपासायला दवाखान्यात जायची.

"त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर माझंच होतं. माझं पहिलं. फोन न्हाई लागला तर काय, ते मी रिकामं सोडलं होतं. गप पुढचं नाव घ्यायचं. मी पुण्यात होतो, रविवारचा फोन करायचो. आक्का सोमवारी न्हाणीत पडली. मंगळवारी तिचं नाव आलं आन् गेलं. गुरुवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं."

मी ते वाक्य तसंच ठेवलं. स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत दोघांनी बसून आडतीचं आडतीत आणि दवाखान्याचं दवाखान्यात लावलं. मालकांना मी सांगितलं की आता बाळाला कुणी पोतं म्हणणार नाही, आणि सर गेले तर मीही जातो. मालक पुटपुटले, पण सर राहिले.

महिन्याभरानं त्याच प्रसूतिगृहातून नर्सबाईंचा वैतागलेला फोन आला. यादी सरकेना म्हणून दवाखान्यातल्या मावशींना एका गरोदर बाईच्या घरी पाठवावं लागलं होतं. बाई ठणठणीत होती, मोबाइल तेवढा बंद पडलेला. "उगीच हेलपाटा झाला," त्या म्हणाल्या.

सरांनी माझ्या हातून फोन घेतला.

"दार कुणी उघडलं?"

"तिनंच की. दुसरं कोण उघडणार?"



"ताई," सर म्हणाले, "अजून एकदा सांगता का?"