नवाबसाहेबांचा उपास

पालमला आमच्या गल्लीत सरकी-पेंडीचं दुकान असलेले शिवलिंगअप्पा आपल्या कुत्र्याला 'अहो' म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत, तर लग्नाच्या पंगतीत व्याह्याला करावा तसा आग्रह करून जेवू घालतात. "घ्या की साहेब, एवढ्यानं काय होतंय? लाजायलाव काय?" साहेबांचं नाव नवाब. लाज हा प्रकार त्यांच्या खानदानात कुणी ऐकलेला नव्हता.

त्यामुळं नवाब आडवा वाढत गेला. पुढं पुढं तर चार पाय फुटलेला गादीवरचा लोडच दिसू लागला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढायच्या म्हणजे अप्पा मागून ढकलायचे, मी पुढून ओढायचो. वर पोचलो की तिघंही सारखेच धापा टाकायचो.

"अप्पा, खाणं कमी करा याचं," मी म्हणायचो.

"पोटाला मारून कुनाचं भलं झालंय, सर?" हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. मी शाळामास्तर. मला उत्तर यायला पाहिजे होतं, पण तोवर त्यांनी माझ्याही हातावर गुळाचा खडा ठेवलेला असायचा.

एक दिवस नवाब पहिल्याच पायरीवर बसला तो उठेना. पेंडीच्या टेम्पोत घालून आम्ही त्याला परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "वजन उतरवा. नाहीतर आज पाय बसलेत, उद्या काळीज बसेल."

परत येताना अप्पा सगळी वाट नवाबाचे पाय चोळत बसले. मला ते बघवेना, म्हणून मी तोंड उघडलं. तिथंच चुकलं. "अप्पा, सोमवार धरायला लावा त्याला. मी धरतोच की."

माझ्या सोमवारांचा परिणाम माझ्या शर्टाच्या बटणांना विचारावा. पण अप्पांना सल्ला पटला. तुपातली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, दुपारी केळं. संध्याकाळी उपास सोडायला पुरणपोळी. "साहेबांचा उपास कडक हाय," अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे. "मीठसुदिक सैंधव!" नवाब वारांकडं लक्ष ठेवून असावा. सोमवारी तो पहाटेच उठून बसायचा.

महिनाभरानं त्याला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. काटा बघून अप्पा म्हणाले, "काटा बिघडलाय."

पुन्हा परभणी गाठली, तर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "ही अक्कल कुणाची?"

"ह्या सरांची," अप्पांनी मोठ्या अभिमानानं मला पुढं केलं. "लय शिकलेले हायत."

बाईंनी एकदा नवाबाकडं पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडं, आणि पुढचं सगळं अप्पांनाच सांगितलं. भाकरीचे तुकडे मोजून एक वाटी सकाळी, एक दुपारी. तूप नाही, गूळ नाही, ताटातलं काही नाही. मध्येच भूक लागली तर काकडी-गाजर. आणि रोज हळूहळू चालवायचं.

आम्ही चालायला लागलो. वाटी मोजली जाऊ लागली. गल्लीतल्या बायकांना मी दारोदार जाऊन सांगून आलो की शिळी भाकरी टाकू नका. तरी काटा हलेना.

एका दुपारी शाळा लवकर सुटली, म्हणून अप्पांकडं डोकावलो. गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावून अप्पा ताटावर बसले होते. समोर नवाब. त्यानं आपली वाटी दोन दमात साफ केली आणि उठून दाराकडं निघाला. अप्पांनी घाईघाईनं ताटातली अर्धी भाकरी मोडून पुढं केली.

"बसा की हो. एवढी कसली घाई हाय?"

"अप्पा!" मी ओरडलो.

भाकरी तशीच हातात राहिली. अप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "ती होती तवा समोर बसायची. माझं होईस्तोर उठायची न्हाई. आता हे बसतेत. पन वाटी सरली की चालले. मग घास नुस्ता तोंडात फिरतो बगा, सर. उतरत न्हाई."

मी खाली बसलो. मी बोललो की काय होतं ते आता मलाही माहीत होतं. शेवटी भीत भीत म्हणालो, "वाटी एकदम पुढं ठेवूच नका. तुमच्या शेजारी ठेवा. तुमचा एक घास, त्याचा एक घास. वाटी तेवढीच."

अप्पांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. हा माणूस पुन्हा खिचडी तर सांगत नाही ना, असा संशय त्यात होता.

पण ते त्यांनी केलं. काटा उतरू लागला. पावसाळा सरता सरता नवाब एका सकाळी कुणाची वाट न बघता तिन्ही पायऱ्या चढून गल्ल्याजवळ जाऊन बसला. मी ओढायला वाकलो होतो, तो तसाच वाकलेला राहिलो. परभणीला बाईंनी त्याचं काळीज ऐकलं आणि म्हणाल्या, "आता घोर नाही." बाहेर आल्यावर अप्पांनी पेढे घेतले. मला दोन दिले, नवाबाला काकडी.

परवा दुपारी त्यांच्या दारावरून जात होतो. आत जेवण चाललं होतं. वाटीत शेवटचा एकच तुकडा उरला होता आणि अप्पांच्या ताटात अजून दोन घास होते. अप्पांनी तो तुकडा हातात घेतला, नीट मधोमध मोडला आणि म्हणाले, "सावकाश, साहेब."

नवाब बसून राहिला.