काकड्याआजांच्या नावाचा उंबर

एका जंगलात एक मेलेली नदी होती. मुलांनो, ती कुणी मारली हे विचारायचं नाही. मोठ्यांना वाईट वाटतं.

त्या नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या पाणमांजरं राहायची. त्यांच्या म्हाताऱ्यांनी काठावरची झाडं तोडू दिली, वाळू उपसू दिली, आणि पाणी आटल्यावर नदी कशी आटली यावर सभा घेतली. सभा सात वर्षं चालली.

तेवढ्या वेळात पोरींनी काठ हिरवा केला. करंज लावले, उंबर लावले, लांबच्या झऱ्यावरून तोंडात पाणी आणून घातलं. डोह भरला. मासे परतले.

मग पाहुणे आले. राजधानीतले मोर. त्यांना निसर्ग वाचवायचा होता, फक्त शनिवार-रविवारी.

म्हाताऱ्यांनी सभा लगेच संपवली. काकड्याआजा सगळ्यांत म्हातारे, म्हणून अध्यक्ष. त्यांनी योजना काढली. प्रत्येक मोराने एक रोप लावायचं, त्यावर नावाची पाटी लावायची, मग जेवण. मोर जेवायला बसले की म्हातारे रोपं उपटायचे आणि पाट्या धुवायचे. दुपारची तुकडी त्याच खड्ड्यांत तीच रोपं लावायची. एक करंज अकराशे मोरांनी लावला. पुढे पुढे तो जेवणाची घंटा झाली की आपणहून खड्ड्याबाहेर यायला लागला.

पण एक मोर कुरकुरला. "इथं तर सगळं हिरवंच आहे. आम्ही वाचवायचं काय?"

आजा घाबरले. "बरोबर आहे साहेबांचं. थोडं उजाड पाहिजे. डोहावरचा मोठा उंबर पाडू."

त्या उंबराच्या मुळांत त्या पोरींतल्या जिवलीचं बीळ होतं. उंबर तिनेच लावलेला. आणि आठ दिवसांत तिला पिल्लं व्हायची होती.

"आजा, मी विणार कुठं?"

"स्वागतकक्षात वी. पाहुण्यांना आवडेल."

"आणि उंबर?"

"परत लाव की. तुला सवय आहे. आमच्या अनुभवापुढे तोंड चालवू नकोस, पोरी."

जिवलीने तोंड चालवलं नाही. धुतलेल्या पाट्यांतली सगळ्यांत मोठी उचलली, चुन्याने लिहिली आणि उंबराला टांगली. 'लावणारे व जगवणारे : काकड्याआजा.'

सकाळी आजा झाड कुरतडायला साळिंदरांची टोळी घेऊन आले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. डोळे भरून आले.

"खबरदार कुणी दात लावला तर," ते साळिंदरांना म्हणाले. "हा मी लावलाय. तोंडातून पाणी घातलंय, तोंडातून."

हे ऐकून बाकीचे म्हातारे खवळले. "त्यांना उंबर, मग आम्हाला काय?"

जिवलीने दुपारपर्यंत अख्खा काठ म्हाताऱ्यांना वाटून टाकला. झाडं संपली तेव्हा झुडपं दिली. भिकल्याकाकांच्या वाट्याला शेवाळ आलं. तेही काठी घेऊन राखत बसले.

आता रोपं उपटायला कुणाला वेळच उरला नाही. शनिवारी मोर आले, तर आजा म्हणाले, "आमची नदी वाचवून झाली. मीच वाचवली. पुढच्या खोऱ्यात बघा."

आठव्या दिवशी उंबराच्या मुळांत जिवलीला तीन पिल्लं झाली. आजा उंबराची मिठी सोडून खाली वाकले, पिल्लांकडे बघत राहिले.

"छान आहेत," ते म्हणाले. "पण यांच्यावर पाटी कुठाय?"

तात्पर्य : झाडाला पाणी कुणीही घालतं. ते जगवायचं असेल, तर त्याला म्हाताऱ्याचं नाव लावावं आणि म्हातारा मरेपर्यंत खरं बोलू नये.