मनोहरभाऊंचं रेशीम

आमचे शेजारी मनोहरभाऊ पाहुण्याला सरडा दाखवतात, तो साडी दाखवावी तसा. आधी दिवाणावर पांढरी चादर अंथरतात. मग पेटीतून एकेक जनावर दोन्ही हातांनी अलगद काढून चादरीवर ठेवतात आणि मान किंचित तिरकी करून म्हणतात, "घ्यायचं नसन तर नका घेऊ, पाहून तर घ्या!"

चाळीस वर्षं त्यांनी पांढुर्ण्याच्या बाजारात साड्या विकल्या. दुकानात पाय टाकलेली बाई रिकाम्या हातानं परत गेली नाही, हा त्यांचा लौकिक. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. मनोहरभाऊ नागपूरला गेले आणि बिअर्डेड ड्रॅगनच्या तीन जोड्या घेऊन आले. ऑस्ट्रेलियाचा, मनगटाएवढा जाड, गळ्याला काट्यांची दाढी असलेला सरडा. सरकारी नोंदणीचा कागद त्यांनी दारातच भिंतीला चिकटवला.

"मास्तर, सरडा नका म्हणू," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "माल पहा. हा लिंबू कलर. हा नारंगी, आपल्या संत्र्याची साल ठेवा याच्या बाजूले, फरक सांगा. हा हायपो, म्हणजे फिकट, नखंबी काचेसारखी. अन् हा झिरो. बिलकुल प्लेन, एक बुट्टी नाही अंगावर!"

"चावतो का?"

"गिऱ्हाईक पाहून," ते म्हणाले.

रंगापेक्षा त्यांचा जीव पोतावर. साध्या ड्रॅगनचं अंग खरबरीत, काटेरी. लेदरबॅक नावाच्या जातीची पाठ जरा गुळगुळीत. एका दुपारी मला हाक मारून मोबाईल दाखवला. पडद्यावर एक सरडा होता. अंगावर एक खवला नाही, काटा नाही, नुसती मऊ चमक.

"सिल्कबॅक," मनोहरभाऊ कुजबुजले. "मास्तर, सिल्क! दोन लेदरबॅकची जोडी लावली का चारात एखादं असं निघते म्हणतात. मी लावून राहिलो."

ड्रॅगन विकणाऱ्या नागपूरच्या माणसानं फोनवर निक्षून सांगितलं होतं, तसं करू नका, ती पिल्लं फार नाजूक निघतात. पण आयुष्यभर दुसऱ्यांना सिल्क दाखवलेल्या माणसाला ते कुठून पटणार?

दोन महिन्यांनी अंडी फुटली. पंधरा पिल्लांत दोन रेशमी. मनोहरभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. घेणाऱ्यांनी विचारलं, "नातू झाला काय भाऊ?" तर म्हणाले, "त्याच्याऊनबी भारी!"

आनंद आठवडाभर टिकला. भावंडं अंगावरून धावली की रेशमी पिल्लांच्या कातडीला ओरखडे पडत. ऊन सोसेना. कात टाकताना ती बोटांना आवळून बसे. नवव्या दिवशी एक पिल्लू गेलं. मनोहरभाऊंनी ते अंगणातल्या जास्वंदीखाली पुरलं आणि लेदरबॅकच्या पेट्या दोन वेगळ्या खोल्यांत नेऊन ठेवल्या.

"आपली हौस अन् सोसायचं तिनं," एवढंच बोलले. उरलेलं रेशमी पिल्लू मादी होतं.

गल्लीतल्या पोरांनी काढलेला तिचा फोटो मात्र मोबाईलवर फिरत राहिला. एका रविवारी नागपूरहून एक जोडपं गाडी घेऊन आलं. चादर अंथरली गेली. मीही होतो.

"ती सिल्कवाली द्या," बाई म्हणाल्या. "आमच्या हॉलच्या पडद्यांना मॅच होईल."

मग मी आयुष्यात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. मनोहरभाऊ आपल्याच मालात खोट काढू लागले. "ताई, फोटोवर नका जाऊ. उन्हात चालत नाही, दुसऱ्यासंग चालत नाही. दिवसातून तीन टाईम ओल्या कपड्यानं पुसा लागते. अन् कलरची गॅरंटी नाही."

"आम्ही करू ना सगळं," साहेब म्हणाले.

"नाही होत साहेब. तुम्ही नोकरीवाले." त्यांनी झटकन एक साधा, काटेरी, मातकट ड्रॅगन चादरीवर ठेवला. "हे पहा. रोजच्या वापराले. मजबूत. खाते, झोपते, मान हलवते. तुमच्या हॉलमध्ये राजा दिसन!"

दहा मिनिटांत जोडपं मातकट राजा घेऊन आनंदानं गेलं. त्यांना गाडीपर्यंत सोडून मी हसत हसत आत आलो, तर मनोहरभाऊ कोमट पाण्याची वाटी घेऊन बसले होते. मांडीवर ती मादी. हातातलं कापड धुऊन धुऊन विरलेलं, निळ्यावर पुसट फुलं.

"नवं कापड टोचते तिले," ते म्हणाले. "हे कुसुमच्या घरात नेसायच्या साडीचं हाय. याच्याऊन मऊ साऱ्या बाजारात नाही भेटलं."

कुसुमवहिनींना जाऊन चार वर्षं झाली. ते एकेक बोट भिजवून कात सोडवत राहिले.

"कुसुम म्हणे, दुकानात दिवसभर तोंड चालते तुमचं, घरी आले का कुलूप. खरंच होतं, मास्तर. दमून येत होतो. ती विचारे, आज कोण आलं होतं? मी म्हणो, कोण येते, गिऱ्हाईक."

मग त्यांनी मान खाली घातली आणि माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात त्या मादीला सांगायला लागले, "आज नं, नागपूरचे दोघं आले होते. मोठी गाडी होती त्यांची..."

मी चप्पल घातली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.