बडग्याची पाठ

दार आलं ते नेमकं पोळ्याच्या दिवशी. शाळेला सुट्टी, मुख्याध्यापिका चारुशीला मॅडम घरी पुरणात हात घालून बसलेल्या, आणि तीनचाकी टेम्पोवाला नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत हॉर्न वाजवून वाजवून घायकुतीला आलेला. शेवटी कुणीतरी त्याला चंद्रभानच्या पिठाच्या गिरणीवर पाठवलं. चंद्रभानची बायको वच्छलाबाई सरकारी शाळेच्या पालक समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि या एका दारासाठी दोन वर्षांत अकरा निवेदनं त्यांनीच दिली होती.

शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं. एक गोणपाट टांगलेलं होतं, पण ते वारा सुटला की वाऱ्याचं ऐकायचं. वच्छलाबाईंची काजल सातवीत होती. ती सकाळी पाण्याची बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणायची. तिची मैत्रीण अपेक्षा तर दिवाळीपासून शाळेतच येत नव्हती. "दार लागलं का सांगजो," एवढंच तिने काजलला सांगून ठेवलं होतं. म्हणून वच्छलाबाईंना त्या दिवशी टेम्पोतलं ते हिरवं, कोरं, आतून कडी बसवलेलं दार पाहून भरून आलं. बैलांसाठी सजवलेलं ताट हातात होतंच. त्यांनी आधी दाराला ओवाळलं.

"बाई, सही करा," टेम्पोवाला म्हणाला. "परवा सकाळी साहेब येतीन. लागलेल्या दाराचा फोटो काढतीन. दार लागलेलं नसलं तं वापस न्या म्हणून ऑर्डर हाये."

"परवा कायले, उद्याच लावून घेतो," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी गिरणीबाहेरच्या भिंतीला टेकवलेली मोडकी खाट मागच्या अंगणात टाकली आणि तिच्या जागी दार टेकवून ठेवलं. सुतारकाम करणाऱ्या रुपरावला निरोप गेला. त्या रात्री त्या फार दिवसांनी शांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत होती, दार नव्हतं.

"अहो, दार कुठी गेलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

चंद्रभान चहा पीत होता. "कोणतं दार?"

"आपल्या घरी कितीक दारं आली काल?"

चंद्रभानने बशी खाली ठेवली. त्याला हळूहळू काहीतरी आठवत होतं आणि ते आठवू नये असं वाटत होतं. "सकाळी सहाले जितेंद्रच्या मंडळाचे पोट्टे आले होते. बडग्यासाठी लाकूड मागून राहिले होते. मी अर्ध्या झोपीत होतो. म्हटलं, भिंतीले टेकून हाये ते घेऊन जा."

"ते काहून म्हटलं तुमी?"

"मले काय मालूम, खाट तू हलवली म्हणून. दहा वर्षांपासून त्या भिंतीले खाटच टेकून हाये."

आता ज्यांना नागपूरचा बडग्या ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बायांचे पुतळे, निघतात आणि त्यांच्यासोबत निघतात बडगे. वर्षभरात ज्या गोष्टीने लोकांना छळलं, तिचा कागद-बांबूचा भलामोठा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. बडग्यासाठी पोरं घरोघर लाकूड, चिंध्या, रद्दी मागत फिरतात आणि त्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. वच्छलाबाईंचा चुलत दीर जितेंद्र हा मोहल्ल्यातल्या मंडळाचा प्रमुख. यंदाचा बडग्या कशावर करायचा यावर मंडळात महिनाभर वाद झाला होता. शेवटी वच्छलाबाई स्वतः तिथे जाऊन बसल्या, आणि शाळेच्या दारावरच बडग्या झाला पाहिजे हे मान्य करून घेऊनच उठल्या. पुतळ्यावर काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं होतं.

म्हणजे दार मिळत नाही म्हणून केलेल्या बडग्याच्या पोटात दार गेलं होतं, आणि दुपारी ते जळणार होतं.

वच्छलाबाई, काजल आणि निरोप मिळताच धावत आलेल्या चारुशीला मॅडम मंडळाच्या पटांगणात पोचल्या, तेव्हा तिथे फक्त खळीची बादली आणि कागदाचे तुकडे उरले होते. चंद्रभान मागून येत होता. त्याला कुणी या म्हटलं नव्हतं, पण घरी थांबायची हिंमत नव्हती.

मिरवणूक महालातून पुढे सरकत होती. रस्ता माणसांनी फुलून गेला होता, गच्च्यांवर बायकामुलं, खाली ढोल, आणि जो तो आपल्या मनातलं दुखणं मारबतीच्या हवाली करत होता. "खोकला, पडसा घेऊन जा गे मारबत," असं म्हणत एक म्हातारे गृहस्थ खोकत होते. त्या गर्दीत पंधरा फुटांचा एक जाडजूड बडग्या सगळ्यांच्या वर डोलत होता. त्याच्या पाठीवर हिरव्या फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही.'

"आई, ते आपलंच दार हाये," काजल म्हणाली.

वच्छलाबाई कोपरांनी वाट काढत जितेंद्रपर्यंत गेल्या. तो घामाघूम आणि खूश होता.

"या वहिनी, पाहा. काल साऱ्याचा सारा वाकून राहिला होता. सकाळी पोट्ट्यायनं अशी फळी आणली, का एका दमात सरळ उभा झाला."

"जितेंद्र, ते दार हाये."

"कोणतं?"

"ज्याच्यासाठी हे सारं चाललं हाये ना गा, ते. उद्या साहेब येऊन राहिले. काढ ते."

जितेंद्रने बडग्याकडे पाहिलं, पाठीवरचं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, पाठ काढली तं हा पडते. भर रस्त्यात बडग्या पडला तं वर्षभर लोकं मले तोंड काढू देणार नाईत."

"अन् दार जळलं तं मी तुले काढू देणार नाई."

चारुशीला मॅडमनी मध्ये पडून, संयम ठेवा, चर्चेतून मार्ग निघतो वगैरे सांगायला सुरुवात केली, पण ढोलात ते कुणाला ऐकू आलं नाही. तेवढ्यात काजल बडग्याच्या मागून आत शिरून बाहेरही आली.

"काका, दार चारच दोरांनी बांधलं हाये. सुटते. फक्त त्याच्या जागी कोणीतरी आतून बांबू धरून उभं राहा लागते. उंच माणूस पाहिजे."

बोलता बोलता तिची नजर वडिलांकडे वळली. मग वच्छलाबाईंची वळली, मग जितेंद्रची. चंद्रभान सहा फूट उंच होता आणि त्याच्याजवळ नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याने चपला काढून काजलच्या हातात दिल्या आणि निमूटपणे बडग्यात शिरला.

इथून पुढची मिरवणूक लोकांना अजून आठवते. इतर बडगे नुसते डोलत होते, हा चालत होता. आत खळीचा वास असह्य झाला की चंद्रभान शिंकायचा आणि बडग्याची मान हलायची. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी गच्चीवरून हार टाकला. आणि त्याच्या मागून वच्छलाबाई, मॅडम आणि मोहल्ल्यातल्या चार बायका डोक्यावर एक हिरवं दार घेऊन उलट्या दिशेने निघाल्या होत्या. तेही मिरवणुकीतलंच समजून लोकांनी त्यांना वाट करून दिली. एकाने वाचून विचारलं, "दार नाई म्हणता, मंग हे काय हाये?" वच्छलाबाईंना थांबायला वेळ नव्हता.

घरी पोचून दार उतरवल्यावर पाणी पिताना त्यांना एकदम आठवलं की आपण नवरा तिकडेच ठेवून आलो. पण काळजीचं कारण नव्हतं. तळ्याकाठी बडग्याला काडी लावायला जितेंद्र पुढे झाला, तेव्हा पुतळ्याच्या पोटातून स्पष्ट आवाज आला होता, "अबे थांब, मी अजून आतच हावो." लोकांनी यालाही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुपरावने दार बसवलं. ऑइलपेंट काही निघाला नाही. रॉकेल झालं, खरवडून झालं, अक्षरं उलट जास्तच उजळली. दहा वाजता कनिष्ठ अभियंता पुष्कर साहेब आले. तरुण होते, नवीनच लागले होते. मोबाईल काढून त्यांनी दार न्याहाळलं आणि मोबाईल खाली घेतला.

"हे काय आहे?"

"दार हाये, साहेब," वच्छलाबाई म्हणाल्या.

"त्याच्यावर दार नाही असं लिहिलंय. हा फोटो मी वर पाठवू?"

"उलटं लावू का?" रुपरावने सुचवलं, मग स्वतःच मान हलवली. "नाई, मंग कडी बाहेरून लागते. आत गेलेली पोरगी बाहेरच्यांच्या भरोशावर."

"आतून फोटो काढा," मॅडम म्हणाल्या.

"फोटोत दार, शाळेची पाटी आणि मुख्याध्यापक असे तिन्ही दिसावे लागतात. आतून काढला तर तुम्ही आणि संडासाचं भांडं एवढंच दिसेल."

"मंग आमी रंग मारून घेतो," वच्छलाबाई म्हणाल्या.

"सरकारी दाराला खाजगी रंग लावता येत नाही."

"अन् हा लावला तो?"

साहेबांनी पायरीवर बसून एक फॉर्म भरला. फॉर्ममध्ये नवीन दार मागायची सोय नव्हती, पण सदोष दार बदलून देण्याची होती. 'दारावरील मजकूर वस्तुस्थितीशी विसंगत,' असं त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं. अकरा निवेदनांना दोन वर्षं लागली होती. या एका ओळीवर पाचव्या दिवशी नवं दार आलं, रुपरावने ते बसवलं आणि साहेबांनी फोटो काढला.

पण अपेक्षा त्या पाच दिवसांची वाट पाहत बसली नव्हती. बडग्याच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती आली, जुन्या दारावरचं सगळं नीट वाचलं, हसली, आत गेली आणि कडी लावली. बाहेर उभ्या असलेल्या वच्छलाबाईंनी तो आवाज ऐकला आणि पदराने डोळे टिपले. काजल तिथेच उभी राहून अर्धी बाटली पाणी प्यायली.

राहता राहिलं जुनं दार. ते परत न्यायला साहेब टेम्पो घेऊन आले, तेव्हा दार आधीच दुसऱ्या टेम्पोत चढलेलं होतं.

"हे कुठे चाललंय?"

"कन्हानले," वच्छलाबाई म्हणाल्या. "माह्या बहिणीच्या गावच्या शाळेत पोरींच्या संडासाले दार नाई. लावून देतो. मंग तिथच्या मॅडम फोटो काढाले बोलावतीन."

पुष्कर साहेबांनी दारावरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला. सगळा हिशेब त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "बाई, कन्हानला फोटो काढायला कोण जातं माहीत आहे का? मीच जातो."

"मंग तं बरंच झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. "ओळखीचं दार हाये. तिथी नवीन आलं का हे सोडून ठेवा साहेब, पुढची शाळा पाहून ठेवली हाये."

टेम्पो सुरू झाला तेव्हा साहेबांनी खिशातून फॉर्मचं पुस्तक काढून त्यात किती कोरे कागद उरलेत ते पाहिलं. टेम्पोत मागे चंद्रभान दार पाठीने पेलून उभा होता. दोरी बांधायला कुणी सुचवलं, तर तो म्हणाला राहू द्या, मले सवय हाये.