तलावात पडलेलं घड्याळ

मास्तरांची चूक एवढीच, की ते चहा पिता पिता बोलले. लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांशी ती पहिलीच भेट. सासरे दातांचे डॉक्टर. शहराच्या उघड्या तलावावर मी पानगळीतसुद्धा रोज पोहतो, अगदी तलाव बंद होईपर्यंत, असं ते सहज म्हणाले. आता इथे गप्प बसतील तर ते मास्तर कसले! "आम्हीही पोहतो की! थंडीबिंडी आम्हाला माहीतच नाही," त्यांनी ठोकून दिलं. डॉक्टर खूश झाले. रविवारी मोसमाचा शेवटचा दिवस आहे, बरोबरच जाऊ, म्हणाले.

मास्तर शेवटचे पोहले त्याला बत्तीस वर्षं झाली होती.

घरी लेकीनं कपाळावर हात मारला. "बाबा, त्यांना सगळं चालतं, पण खोटं चालत नाही. एका थापेपायी सख्ख्या भावाशी दहा वर्षं अबोला आहे त्यांचा. तुमच्या पाया पडते, माझं जमलेलं मोडू नका." यापुढे माझ्या तोंडातून एकही खोटा शब्द निघणार नाही, असं वचन मास्तरांनी दिलं.

रविवारी तलावावर पिवळ्या पानांचा थर होता. जीवरक्षक लांब दांड्याची जाळी घेऊन पानं काढत होता आणि पाच म्हातारे शांतपणे पोहत होते. डॉक्टर मासळीसारखे पाण्यात शिरले. मास्तर शिडीवरून उतरले, छातीपर्यंत पाणी आलं आणि दातांनी जो ताशा धरला, त्यात वरची कवळी सुटली, ओठांतून बाहेर आली आणि पानांखाली गडप झाली.

मास्तरांनी डावा हात तोंडावर दाबला. कवळी आहे हे घरात लेकीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि समोर पोहत होता तो नेमका दातांचा डॉक्टर! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पण खाली धरणी नव्हती, फरशी होती.

त्यांना तळ न्याहाळताना पाहून जीवरक्षक धावत आला. "काय पडलं आजोबा? घड्याळ?"

मास्तरांनी मान डोलावली. दुसरं करणार तरी काय!

जीवरक्षक मोठा कर्तव्यदक्ष निघाला. त्यानं शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं. म्हातारे टॉवेल गुंडाळून कुडकुडत काठावर उभे राहिले, शेवटच्या दिवसाचं पोहणं वाया गेलं म्हणून मास्तरांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघू लागले. जाळी तळ खरवडत फिरली. केसांच्या पिना निघाल्या, एक चमचा निघाला, आणि मग पानांच्या लगद्यातून कवळी निघाली. जीवरक्षकानं ती बाकावर ठेवली आणि पुन्हा घड्याळ शोधायला लागला. मास्तर तोंडावर हात धरून बाकाकडे बघत राहिले. चार पावलांवर स्वतःचे दात आणि उचलायची सोय नाही! लेकीचं लग्न मोडल्याचं त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं.

"उद्या रिकामा करायचाच आहे, आजच पाणी सोडतो," जीवरक्षक म्हणाला आणि झडपेकडे निघाला.

आता मात्र मास्तरांना ब्रह्मांड आठवलं. तलावभर पाणी, सहा माणसांचा दिवस, सगळं एका डोलावलेल्या मानेपायी! त्यांनी धावत जाऊन उजव्या हातानं त्याचा दंड धरला. डावा अजून तोंडावरच होता.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी बाकावरची कवळी उचलली, नळाखाली धुतली आणि मास्तरांच्या कानाशी वाकले. "हात खाली घ्या. गेला अर्धा तास घड्याळ तुमच्या डाव्या मनगटावर आहे. जीवरक्षक सोडून सगळ्यांना दिसतंय, फक्त बोलत कुणी नाही. आणि ही तुमची आहे, हे मला पहिल्याच चहाला कळलंय. सैल बसते."

मास्तरांनी कवळी तोंडात बसवली, जीवरक्षकाला मनगट दाखवलं आणि डॉक्टरांच्या मागोमाग घराकडे निघाले. दारात लेक उभी होती, चेहरा पांढराफटक. काय झालं, तिनं विचारलं.

डॉक्टरांनी मास्तरांकडे एकदा बघितलं. "पाण्यात उतरल्यापासून तुझ्या बाबांच्या तोंडातून एकही खोटा शब्द निघाला नाही."

लेकीचा जीव भांड्यात पडला. मास्तर मान खाली घालून चपला काढत राहिले.

"उद्या दहाला त्यांना दवाखान्यात पाठव," जाता जाता डॉक्टर म्हणाले. "उशीर व्हायचं कारण नाही. घड्याळ आहे त्यांच्याकडे."